भाचीचा स्वेटर, दुसऱ्यांदा

पुण्यात थंडी ती किती, डिसेंबरात सकाळी शाळेच्या रिक्षात बसेपर्यंत, तरी भाचीला स्वेटर मीच विणणार असं ताईला सांगून बसले. तुळशीबागेतून पिवळी लोकर आणली, ८ नंबरच्या म्हणजे ४ मिमीच्या सुया आईच्या डब्यात होत्याच, काठासाठी १० नंबरच्या पण.

आई म्हणाली आधी चौकोन विणून टाके मोज. कोण मोजतंय! १० सेंमीत २२ टाके धरून ६६ टाके घातले, म्हणजे रुंदी बरोबर ३० सेंमी. माझा हात सैल, प्रत्यक्षात २० च टाके बसत होते, त्यामुळे पाठ ३३ आणि पुढचा भागही ३३, म्हणजे घेर चक्क ६ सेंमी जास्त, आणि हे कळलं कधी तर दोन्ही भाग संपल्यावर. उसवलं सगळं. आई काही बोलली नाही, नुसती लोकरीचा गुंडा करत बसली, ते जास्त लागलं मला.

आता ६० टाके घातलेत. दोन वर्षांच्या मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, गळा घट्ट झाला की रडारड, म्हणून डाव्या खांद्यावर तीन बटणं ठेवणारे. सध्या बगलेपर्यंत आलंय. बाही विणायचा मात्र मला भयंकर कंटाळा, एक झाली की तस्सीच दुसरी, बिनबाह्यांचं जाकीट म्हणून खपवता येईल का विचारलं तर ताईने फोनच ठेवला.