अठ्ठावीस दिवसांचे क्यूब

१० एप्रिल, रात्री

आज मजबुतीच्या तपासणीत मशीनखाली आमचे काँक्रीटचे क्यूब फुटले. सकाळपासून पोटात गोळा होता.

१३ मार्चला सहा भरले होते. तीन सातव्या दिवशी तपासले, उरलेले तीन आजपर्यंत क्युरिंग टँकमध्ये पाण्याखाली होते. सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला हे प्रॅक्टिकल सगळ्यांनाच असतं. पण हे क्यूब माझ्या पार्टनरने आणि मी मिळून भरले होते, आणि आज मशीनपुढे मी एकटी उभी होते.

भरण्याचा तो दिवस जसाच्या तसा आठवतोय. एम-२५ दर्जाच्या काँक्रीटचं मिक्स. साच्यांना आतून ऑइल लावताना तिच्या ओढणीचं टोक काळं झालं होतं. एकेक साचा तीन थरांत भरायचा आणि प्रत्येक थराला सळईचे ३५ ठोसे द्यायचे. ठोसे मी देत होते, मोजत होती ती, अगदी मोठ्याने, शेजारच्या बॅचचं मोजणं चुकेल इतक्या मोठ्याने. वरून थापीने सारखं केल्यावर तिने खिळ्याने प्रत्येकाच्या कोपऱ्यात ‘ब-३’ आणि खाली तारीख कोरली. दुसऱ्या दिवशी साचे खोलले तर कडा अशा धारदार, कुठे एक भोक नाही. क्यूब आठ-सव्वाआठ किलोचा असतो. ती एकेक पोटाशी धरून टँकपर्यंत नेत होती.

सात दिवसांचे तपासले तेव्हाही ती होती. त्याच रात्री तिला घरून फोन आला. काकांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, डायलिसिस जानेवारीपासूनच चालू होतं. आठवड्यातून दोनदा बारामतीला न्यायचं, भाऊ सातवीत, काकू शेतात. फेब्रुवारीपासून ती सारखी जा-ये करत होती. त्या रात्री काकांची तब्येत फारच बिघडली. ती एक पिशवी घेऊन गेली, ती अजून आलेली नाही.

आज मी तिला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन खिडकीत टेकवून ठेवला. लॅबच्या मामांनी क्यूब फडक्याने पुसला. “भरलेली बाजू वर नको, बाजूला घे,” म्हणाले, आणि स्वतःच नीट मध्यभागी बसवून दिला. ‘ब-३’ माझ्याकडे तोंड करून होता. मशीन सुरू झालं. टार्गेट मजबुती ३१.६ न्यूटन दर चौरस मिलिमीटर, म्हणजे ७११ किलोन्यूटनच्या आसपास लोड यायला हवा, हे आम्ही दोघींनी केव्हाच काढून ठेवलं होतं. ६०० गेले. ६५० गेले. मग करकर आवाज आला, कोपऱ्यातून एक रेघ खाली उतरली आणि काटा परत फिरला. ६९८. माझ्या पोटात धस्स झालं. दुसरा ७२४. तिसरा ७४२. मी वहीवर सरासरी काढायच्या आधी फोनमधून तीच ओरडली, “अगं बत्तीस! बत्तीस आले!” मागे हॉस्पिटलची बाकं दिसत होती. कोणीतरी तिला शांत राहायला सांगितलं. ती तोंडावर हात दाबून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

चारी बाजूंचे पापुद्रे गळून पडल्यावर क्यूबचा डमरू उरला. “असा डमरू झाला की समजायचं, बरोबर फुटला,” मामा म्हणाले. ज्या तुकड्यावर ‘ब-३’ आहे तो मी मागून घेतला. आत्ता उशाशी आहे.

२९ एप्रिल

डिटेनची, म्हणजे हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू न देण्याची, यादी लागली. तिचा रोल नंबर आहे.

हजेरीचा नियम मला मान्य आहे. वर्गात न बसता कोणी इंजिनिअर होऊ नये असंच मलाही वाटतं. पण मी तिचा अर्ज आणि काकांची सगळी कागदपत्रं घेऊन तीन खिडक्या फिरले. एकीकडे म्हणाले तारीख गेली. दुसरीकडे म्हणाले विद्यार्थिनीने स्वतः यायला हवं. तिसरीकडे फाईल उघडलीच नाही. दोन मिनिटं कोणी ते कागद वाचले असते आणि मग नाही म्हटलं असतं तर मी गप्प बसले असते. न वाचताच परत केले, तो राग अजून उतरत नाही.

तिला कसं सांगू या विचारात जिन्यात अर्धा तास बसले होते. तिला ग्रुपवर आधीच कळलं होतं. तिचाच मेसेज आला, “तू रडत बसू नको. सर्व्हेची शीट राहिलीय ना तुझी? आधी ती कर.” मग मात्र मी जिन्यातच रडले.

४ मे, पहाटे

झोप नाही. चार रात्री हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये आम्ही पाचजणी जर्नलं घेऊन बसलोय. एक ग्राफ काढते, एक निरीक्षणं वाचून दाखवते, तिसरी समोसे आणायला रेक्टर मॅडमची परवानगी काढते. रात्री दोन वाजता सर्व्हेच्या ट्रॅव्हर्सचे, म्हणजे मोजणीच्या बंद आकृतीचे, कोन बेरजेला घेतले. पाच स्टेशनं, बेरीज ५४० अंश यायला हवी. आमची ५४० अंश १ मिनिट २० सेकंद आली. भर उन्हात, मार्च-एप्रिलच्या दुपारी, टोपी आणि ओला रुमाल बांधून मोजलेले कोन इतके जवळ येऊन मिळाले! आम्ही एकमेकींना मिठ्या मारल्या. खालच्या मजल्यावरून कोणीतरी दार आपटलं.

ग्रुपच्या पानावर तिचं नाव तसंच ठेवलंय. एक मैत्रीण म्हणाली, त्याचा उपयोग नाही, मार्क मिळायचे नाहीत. माहीत आहे. पण दोन कोन तिने मोजले होते, मार्चमध्ये.

२ जून

शेवटचा पेपर झाला. एम-थ्रीची, म्हणजे गणिताच्या मागे राहिलेल्या विषयाची, केटी गळ्यात होती, तोही पेपर मागच्या आठवड्यात दिला. लाप्लासचे प्रश्न सगळे सोडवले, पहिल्यांदाच हात थरथरला नाही. आजचा स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिस बरा गेला. बाहेर पडलो तर आभाळ भरून आलेलं आणि गेटवरच्या टपरीवर आमचा अख्खा वर्ग. वडापाव, चहा, फोटो. ज्यांच्याशी वर्षभर धड बोलले नव्हते त्यांनीही “सुट्टीत फोन कर गं” म्हणून सांगितलं. मला इतकं हलकं वाटत होतं की हॉस्टेलपर्यंत रिक्षा न करता चालत आले, पहिला पाऊस अंगावर घेत.

आणि मग खोलीचं दार उघडलं.

तिची गादी मार्चपासून गुंडाळलेली आहे. भिंतीवर तिच्या अक्षरातलं टाइमटेबल, त्यात प्रॅक्टिकलच्या चौकोनात पिवळा रंग. खिडकीत तिची निळी बादली. उद्या खोली रिकामी करायची म्हणून मी दोघींचं सामान बांधायला घेतलं. टाइमटेबलची चिकटपट्टी निघता निघेना, भिंतीचा रंग सोबत आला. तासाभरापूर्वी मी टपरीवर खिदळत होते आणि आता तिचा कंगवा हातात घेऊन बसले होते. यातलं कुठलंही खोटं नव्हतं.

आईचा फोन आला. “कवा निघणार हायेस? ज्वारीच्या पापड्या करून ठिवल्यात.” आवाज नीट ठेवून बोलले, तरी तिला कळलंच. “काय झालं गं बाय?” म्हणाली. मी सगळं सांगितलं. ती थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, “वाटंतच हाय की इंदापूर. उतर, भेटून ये.”

४ जून, मंगळवेढा

स्वारगेटहून सकाळची एसटी. अर्ध्या तिकिटात आता निम्म्या गाडीत बायकाच असतात, त्यामुळे जागा मिळाली ती शेवटच्या बाकावर. मांडीवर तिची बादली, बादलीत तिची पुस्तकं, पुस्तकांवर रुमालात गुंडाळलेला तुकडा.

भिगवण गेलं आणि उजनीचा विचार मनात आला. धरण १९८० साली पूर्ण झालं, भीमेचं पाणी मागे फुगलं, आणि तिच्या आजोबांचं घर त्यात गेलं. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघडं पडतं. लहानपणी आजोबा तिला तिथे न्यायचे आणि पाण्याकडे बोट दाखवून आपली गल्ली सांगायचे. सिव्हिल का घेतलंस, असं पहिल्या दिवशी विचारलं तेव्हा तिने मला हेच सांगितलं होतं. पाणी अडवणाऱ्यांना काय येतं ते तिला शिकायचं होतं. आमच्याकडे मंगळवेढ्यात पाण्याची वाट बघण्यात पिढ्या गेल्या. दोघी एकाच धरणाच्या दोन बाजूंनी आलो होतो, त्यावर किती रात्री भांडलोय.

इंदापूरला ती स्कूटी घेऊन स्टँडवर आली होती. वाळलीय खूप. बादली बघून म्हणाली, “ही कशाला वागवत आणलीस, वेडे?”

काका ओसरीत खाटेवर होते. हात उचलून “ये बाळा” म्हणाले. आवाज खोल गेलाय, पण ओळख तीच. मी रुमाल सोडून तुकडा तिच्या हातात दिला. तिने ‘ब-३’वरून बोट फिरवलं, मग काकांच्या तळहातावर ठेवला. काकांनी तो खालीवर करून बघितला. “तू भरलावतास?” “आम्ही दोघींनी,” ती म्हणाली, आणि त्यांना सगळं सांगायला लागली, तीन थर, ३५ ठोसे, बत्तीस. एवढं सलग बोलताना तिला मी किती दिवसांनी ऐकत होते.

पुढचं मी विचारलंच नाही. तिनेच सांगितलं. पुढच्या जानेवारीत चौथं सेमिस्टर पहिल्यापासून. तोपर्यंत भाऊ आठवीत जाईल आणि मामा बारामतीला न्यायला येतो म्हणालाय. “क्यूब पुन्हा भरावे लागणार गं मला.”

मग म्हणाली, “स्ट्रक्चरचा पेपर आणलायस का?”

मी बॅगेतून काढला. तिने कॅलेंडरचं मे महिन्याचं पान फाडलं, उलटं केलं, आणि मोमेंट डिस्ट्रिब्यूशनचा प्रश्न मांडला. दुसऱ्या सायकलला तिचं चिन्ह चुकलं, मी दाखवलं, तिने माझी तिसऱ्या सायकलमधली चूक काढली, जी मी परीक्षेतही केली असणार. काकूंनी चहा आणून ठेवला, तो निवला.

पाचची पंढरपूर गाडी चुकली. साडेसहाची मिळाली.