तुम्ही विचारलंत म्हणून: उरलेली औषधं गडचिरोलीला पाठवू का?

पुण्या-मुंबईहून, नाशिकहून, कधी परदेशातल्या मराठी मंडळींकडूनही मला हा प्रश्न येतो. "घरात बरीच औषधं उरली आहेत. सोसायटीत आवाहन केलं तर दोन खोकी सहज भरतील. तुमच्या गडचिरोलीत पाठवली तर उपयोग होईल ना?" दक्षिण गडचिरोलीत, एटापल्ली-भामरागडच्या बाजूला, मी सरकारी दवाखान्याचा औषधसाठा बरीच वर्षं सांभाळला, म्हणून मला विचारतात. माझं उत्तर 'नका पाठवू' असं आहे. पण विचारणाऱ्याची कळकळ खरी असते, त्यामुळे एवढंच सांगून फोन ठेवणं बरं वाटत नाही.

आधी खोक्यात काय असतं ते सांगते. अर्ध्या कापलेल्या स्ट्रिप, ज्यांच्या मुदतीची तारीख कापलेल्या तुकड्याबरोबर गेलेली असते. रक्तदाबाच्या, थायरॉइडच्या गोळ्या, प्रत्येक वेगळ्या कंपनीच्या आणि वेगळ्या ताकदीच्या. पाणी घालून तयार केलेलं अँटिबायोटिकचं सिरप, जे बहुतेक वेळा आठवडाभरात फेकून द्यायचं असतं. यातलं काहीही स्टॉक रजिस्टरला चढवता येत नाही, कारण बॅच नंबर नाही आणि ते कुठल्या उन्हात किती दिवस पडलं होतं हे कुणाला माहीत नाही. मग ते वेगळं काढणं, मोजणं आणि नष्ट करणं हे काम दवाखान्यातल्या त्याच एका माणसाच्या गळ्यात पडतं, ज्याने त्या वेळात उपकेंद्राची औषधं बांधायला हवी होती.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असं नाही. 2004 च्या त्सुनामीनंतर इंडोनेशियाच्या आचे प्रांतात जवळपास 4000 टन औषधं येऊन पडली. वस्ती वीस लाखांच्याही आत. बहुतेकांवरची लेबलं तिथल्या लोकांना न वाचता येणाऱ्या भाषेत, आणि शेकडो टन माल शेवटी नष्ट करायची वेळ आली. त्याआधी युद्धातल्या बोस्नियातही हेच झालं होतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्ये औषधदानाचे नियम घालून दिले: रुग्णाकडून परत आलेलं औषध देऊ नये, आणि पोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी.

मग लागतं काय? फार थोडं. पॅरासिटामॉल, जुलाबावरचं ओआरएस आणि झिंक, अमॉक्सिसिलिन, लोहाच्या गोळ्या, जंताची गोळी, हिवतापाची औषधं, खरजेचं मलम. बहुतेक सगळी स्वस्त. पण ती बाराही महिने हवीत, त्याच ओळखीच्या पाकिटात हवीत, आणि गावातच राहणाऱ्या आशाताईच्या हातात हवीत. ज्या आईने तापलेलं लेकरू पाठीशी बांधून जंगलातून पायपीट केली आणि तिला 'संपलंय, पुढच्या आठवड्यात या' असं ऐकावं लागलं, ती पुढच्या वेळी आधी पुजाऱ्याकडे, म्हणजे गावच्या भगताकडे, जाते. तिचं काय चुकलं?

आता औषध का संपतं, ते नीट समजून घ्या. कारण पैशांची कमतरता हे त्याचं अर्धंच उत्तर आहे. इंडेंट, म्हणजे मागणीपत्र, भरताना मागचा खप पाहतात. समजा पॅरासिटामॉलचं सिरप तीन महिने आलंच नाही. त्या तीन महिन्यांचा खप कागदावर शून्य. वरचा माणूस म्हणतो, तुमच्याकडे याला मागणीच नाही, आणि पुढच्या वेळी आणखी कमी मंजूर होतं. टंचाई अशी स्वतःचाच पुरावा पुसत जाते. दुसरीकडे कुणी न मागितलेलं खोकल्याचं औषध खोक्यांनी येतं, कारण वरच्या गोदामात त्याची मुदत जवळ आलेली असते. यावर उपाय कठीण नाही. जितके दिवस औषध हातात होतं तितक्याच दिवसांचा खप धरायचा आणि त्यावरून महिन्याची गरज काढायची. साधं त्रैराशिक. पण ते प्रत्येक औषधासाठी, प्रत्येक महिन्याला कुणीतरी मांडायला लागतं, आणि त्या जागेवरचं पद अनेकदा रिकामं असतं. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

तामिळनाडूने यातली मोठी अडचण तीस वर्षांपूर्वी सोडवली. 1994 मध्ये त्यांनी औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामं, प्रत्येक बॅचची तपासणी, आणि प्रत्येक दवाखान्याला एक पासबुक. त्यात दवाखान्याच्या वाट्याची रक्कम लिहिलेली. जे लागेल ते त्यातून उचलायचं. वरून ढकललेलं घ्यायचं नाही, खालून मागायचं. राजस्थानने 2011 मध्ये मोफत औषध योजना आणली ती याच वाटेने.

आमच्या भागाची आणखी एक गोष्ट म्हणजे पावसाळा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद व्हायचा, आणि आतल्या गावांचे नाले तर त्याच्याही आधी वाट अडवायचे. म्हणून चार महिन्यांची औषधं मे महिन्यातच आत न्यायची. हिवतापाचा जोर असतो तोही नेमका याच काळात. फाल्सिपॅरम, म्हणजे घातक प्रकारच्या हिवतापाची, पाकिटं मला म्हणूनच फार आवडतात. एका वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, 1 ते 4 वर्षांना पिवळं, 5 ते 8 ला हिरवं, 9 ते 14 ला लाल, मोठ्यांना पांढरं. तीन दिवसांच्या गोळ्या दिवसांप्रमाणे मांडलेल्या. वाचायला अडखळणारी आशाताईसुद्धा रंग चुकत नाही. बोटातून थेंबभर रक्त घेऊन किटवर तपासायचं आणि पाकीट काढून पहिला डोस समोरच द्यायचा. ज्याने हे पाकीट आखलं त्याने वापरणाऱ्या बाईचा विचार केला होता.

ओआरएसचं तसं नाही. आपलं पाकीट एक लिटर पाण्याचं, पण घरात एक लिटरचं माप कुठे असतं? गडव्यात, पातेल्यात अंदाजाने कालवतात. पाणी कमी पडलं तर द्रावण खारट होतं आणि मूल थुंकून टाकतं. झांबियात याच अडचणीवर 'किट यामोयो' निघालं: 200 मिलीलिटरची छोटी पाकिटं, सोबत झिंक, आणि ज्या डबीत ती येतात तीच पाणी मोजायचं माप. मुळात कल्पना अशी होती की ही डबी कोका-कोलाच्या क्रेटमध्ये बाटल्यांच्या मधल्या जागेत बसवून खेड्यात न्यायची, कारण कोला पोचत नाही असं गाव नाही. प्रत्यक्षात क्रेटमधून फारच थोडं गेलं. खेड्यातल्या दुकानदाराला त्यात दोन पैसे सुटत होते, म्हणून तोच शहरातून माल सायकलवर बांधून आणू लागला. ज्या जिल्ह्यांत हा प्रयोग झाला, तिथे ओआरएस आणि झिंक दोन्ही मिळणाऱ्या मुलांचं प्रमाण एक टक्क्याच्याही खालून 45 टक्क्यांच्या आसपास गेलं. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ओआरएस-झिंकची अशी एकत्र बांधणी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या आशाताईच्या पेटीत दोन्ही वेगवेगळी असतात, आणि झिंक 14 दिवस द्यायचं असतं. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले की गोळीही थांबते. तिथे औषधापेक्षा घरी जाऊन पुन्हा विचारणारं माणूस लागतं.

तर तुमची खोकी नकोत, पण तुम्ही हवे आहात. एखादं प्राथमिक आरोग्य केंद्र निवडा आणि तिथल्या औषध निर्माण अधिकाऱ्याला फोन करून विचारा की गेल्या पावसाळ्यात काय संपलं होतं. रुग्ण कल्याण समितीला रीतसर पावती घेऊन देणगी देता येते. कधी कधी औषधांची गरजच नसते; मोटरसायकलचं पेट्रोल, औषधं ठेवायचं लोखंडी कपाट किंवा प्रत्येक आशाताईला एक लिटरची खूण असलेलं भांडं हवं असतं. तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दुर्गम गावं असतील, तर माहिती अधिकारात साठ्याची नोंद मागा आणि ती दर तिमाहीला मागत राहा. विचारणारं कुणी आहे हे कळलं की नोंदी नीट होऊ लागतात.

आणि फोन एप्रिलमध्ये करा. जूनमध्ये निघालेलं सामान आमच्याकडच्या कित्येक गावांत पाऊस ओसरल्यावरच पोचतं.