अवतरण सुरू

दुपारी जेवणं झाल्यावर लेक्सर (कोडचे शब्द, आकडे, चिन्हं असे तुकडे पाडणारा प्रोग्राम) लिहायला बसलो. सी भाषेत, हातानं. फ्लेक्स नावाचं तयार साधन आहे (चौकात वाढदिवसाला लागतो तो नव्हे), पण हौसेला मोल नसतं. आकडे जमले, नावं जमली, स्ट्रिंगपाशी, म्हणजे अवतरणांतल्या मजकुरापाशी, गाडं अडलं. प्रोग्राम म्हणाला, "ओळ २१२: अवतरण बंद नाही." फाइल २११ ओळींची.

तासाभरानं सापडलं. अवतरण दिसलं की मागचं अक्षर बघायचं, तिथं बॅकस्लॅश (\, पुढचं अक्षर आपल्याशी जोडून घेणारं चिन्ह) असला तर अवतरण मजकुरातलं समजून पुढे जायचं, असा माझा नियम. आणि फाइलमधली शेवटची स्ट्रिंग होती "गाणी\\". त्यातला दुसरा बॅकस्लॅश पहिल्याच्याच पोटात गेलेला, त्याच्यात आता काही जोर नाही. हे माझ्या लेक्सरला कुठलं कळायला? तिथून खाली सगळी फाइल त्यानं गिळली.

चौथीत माझंही असंच झालं होतं. बाई शुद्धलेखन घालत होत्या. "आजोबा म्हणाले, स्वल्पविराम, अवतरणचिन्ह सुरू..." एवढ्यात शिपाई सूचनेची वही घेऊन आला. बाईंनी ती वाचली, मागच्या बाकावर कोण बोलतंय ते विचारलं, खिडकी लावायला सांगितली. "अवतरणचिन्ह पूर्ण" काही आलं नाही. मी इमानेइतबारे लिहीत गेलो. माझ्या वहीत आजोबा म्हणाले की उद्या सकाळची शाळा आहे, आणि तू उठून उभा राहा.

वर्ग हसला. बाईंनी मात्र लाल गोल केला तो पानाच्या शेवटी नाही, अवतरण जिथं उघडलं होतं तिथं.

मग मीही उघडल्याची ओळ लक्षात ठेवायला लागलो. बॅकस्लॅश आला की पुढचं अक्षर न बघता त्याच्याबरोबरच उचलायचं, मागे वळून बघायचंच नाही. ओळ संपली आणि अवतरण मिटलं नाही तर तिथंच थांबायचं. सीचा नियमही तोच. एरवी चूक माझी नाही, ३४ क्रमांकाची आहे (संगणकाच्या आस्की यादीत दुहेरी अवतरणाचा हा नंबर). उघडायला तेच चिन्ह, मिटायलाही तेच. घराचं पुढचं दार नि मागचं दार एकसारखं रंगवल्यावर पाहुण्यानं काय करावं?

चहा टाकला. दुसरी फाइल दिली. "ओळ ३७: अवतरण बंद नाही."

सदतिसाव्या ओळीत स्ट्रिंगच नव्हती. एकेरी अवतरणांच्या आत एकटंच एक दुहेरी अवतरण बसलं होतं: '"'. चहा उतू गेला.