रात्री हिरवी दिसणारी गादी

काकूंचा फोन रात्री सव्वानऊला आला. "दादा, तुम्ही आणून दिलेली गादी हिरवी दिसतेय हो."

दादरच्या हिंदू कॉलनीतला तीन जणांचा सोफा, अस्सल लेदरचा, कातासारखा तपकिरी. मधल्या गादीवर गरम इस्त्री पडली होती. त्या गादीला नवीन कातड्याचं कव्हर शिवायचं आणि बाजूच्या दोन गाद्यांच्या रंगात आणायचं, एवढंच काम. माझा गाळा धारावीत आहे आणि हे काम मी २२ वर्षं करतोय. त्यामुळे मी म्हणालो, "नवीन आहे ना काकू, वापरून वापरून बसेल." हे वाक्य मी किती जणांना ऐकवलं असेल, देव जाणे.

लेदरला दोनदा रंग लागतो, हे बाहेर फारसं माहीत नसतं. पहिला टॅनरीत, म्हणजे कातडं कमावतात तिथे, मोठ्या फिरत्या ड्रममध्ये. गरम पाण्यात रंग कातड्याच्या आत शिरतो आणि शेवटी फॉर्मिक ॲसिड घालून तो तंतूंना पकडून ठेवतात. हा रंग पारदर्शक. ओरखडा उठला तरी आतून पांढरं दिसत नाही, ते त्याच्यामुळे. वाळवलेलं पण वरचं फिनिश न झालेलं कातडं म्हणजे क्रस्ट. चेन्नई, राणीपेटकडचं ते आम्ही घेतो. म्हशीचं असेल तर दाणा जाड. डोळ्याला दिसणारा सोफ्याचा रंग मात्र बहुतेक वेळा दुसरा असतो, वरून स्प्रे गनने मारलेला: पिगमेंट, म्हणजे रंगाची बारीक पूड, आणि तिला धरून ठेवणारं बाइंडर. तो झाकणारा. त्यावर टॉप कोट, चमक हवी तशी.

गन मारणं मला मनापासून आवडतं. हात पातळ हवा. जाड थर एकदाच दिला की गादीवर माणूस बसताच घडीला तडा जातो. मी चार-पाच पातळ हात देतो. पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की प्रत्येक हातानंतर हेअर ड्रायर फिरवावा लागतो. ओला रंग आणि वाळलेला रंग वेगळा दिसतो, म्हणून शेड वाळल्यावरच बघायची. घाईची पोरं ओल्यावरच "जुळला शेठ" म्हणतात आणि ते मला सहन होत नाही. वाळल्यावर चिकटपट्टी दाबून ओढायची. पट्टीवर रंग आला तर काम परत.

हे सगळं मी केलं होतं. सकाळी ११ वाजता गाळ्याच्या दारात, ऊन थेट पडत नाही तिथे, काकूंची जुनी गादी शेजारी ठेवून रंग जुळवला होता. ट्यूबखालीही बघितला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादरला गेलो. तिन्ही गाद्या एकसारख्या. काकूंनाही तसंच दिसलं आणि त्या ओशाळल्या. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय दोन महिन्यांपूर्वी, त्याचंच असेल," असं त्यांनीच मला समजावलं. मी मान डोलावली. ती मान डोलावली याचं मला आजही वाईट वाटतं.

संध्याकाळी परत फोन. आवाज शांत. "दादा, आता या. आत्ता."

धो धो पाऊस होता, पोचायला साडेआठ वाजले. हॉलमध्ये पिवळसर एलईडी दिवा लागलेला. मधली गादी शेवाळी दिसत होती. दोन्ही बाजूंना काताचा रंग आणि मध्ये शेवाळ. मी दारातच उभा राहिलो.

कारण मला तिथंच कळलं. दुकानातून आणलेल्या तयार तपकिरी बाटलीत लाली जास्त होती, ती मारायला मी दोन थेंब हिरवा घातला होता. सोफ्याचा मूळ रंग मात्र पिवळ्या, लाल आणि काळ्या आयर्न ऑक्साइडचा असावा, असं आता वाटलं. दोन रंग दिवसाच्या उजेडात एकच दिसतात, पण वेगवेगळ्या पिगमेंटचे असतील तर दिवा बदलल्यावर वेगळे पडतात. त्या एलईडीत गडद लाल उजेड कमी, म्हणून माझ्या मिश्रणातली लाली बुडाली आणि हिरवा वर आला. पिगमेंट विकणारा बाटलीत काय आहे ते सांगत नाही. लेबलवर फक्त 'डार्क ब्राउन'.

आणि काकूंचे डोळे? मोतीबिंदूत पिवळट झालेली भिंग काढून नवी बसवली की रंग उलट स्वच्छ दिसतात. त्या घरात सगळ्यात नीट दिसत होतं ते त्यांनाच.

गादी परत नेली. काकूंनी न मागता दिव्याचा बल्ब काढून हातात दिला. टॉप कोट पक्का बसला होता. सॉल्व्हंटने पुसून, ६०० नंबरच्या कागदाने हलकं घासून उतरवला. त्याच क्रस्टच्या तुकड्यांवर फक्त तीन ऑक्साइडचे नऊ नमुने केले. ते पिशवीत घालून परत रात्री दादरला गेलो आणि एकेक तुकडा जुन्या गादीवर ठेवला. सातवा तुकडा ठेवला आणि काकू म्हणाल्या, "कुठे गेला?"

रंग जुळवायचे पैसे कुणी देत नाही. बिलात गन मारल्याचेच लागतात. काकूंनी जास्तीचे देऊ केले, मी घेतले नाहीत.

ती तपकिरी बाटली मी चार वर्षं वापरतोय. वहीत प्रत्येक कामाची शेड लिहिलेली असते. काल पानं उलटली, तर चेंबूरचा एक सोफा सापडला: तीच बाटली, तोच हिरवा, तीन थेंब. त्या घरच्या बाईंनी बिल देताना विचारलं होतं, "रात्री जरा वेगळा वाटतो का हो?" रविवारी तिकडे जाणार आहे, अंधार पडल्यावर.