बोर्डाकडं बघायचं नाही

वस्तादांचा फोन आला तेव्हा मी कोल्हापुरात रंकाळ्यावर चालत होते. "मॅडम, एक पोरगं हाय. तालमीत वाघ, गादीवर गेलं की मांजर. जरा बघता काय?"

मी खेळाडूंच्या मनाचं काम करते. माझ्याकडं येतात ती जास्त करून नेमबाजीची पोरं. ऑगस्ट २०२४ मध्ये आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकात नेमबाजीच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, तेव्हापासून आईवडील आपण होऊन विचारतात. पैलवान मात्र फिरकत नाहीत. तालमीत 'डोक्याची डॉक्टरीण' म्हटलं की पोरं हसतात आणि ज्याच्यासाठी मी आलेली असते ते पोरगं खांबामागं जातं.

हेही गेलं. एकोणीस वर्षांचं, ७४ किलोतलं, पन्हाळ्याकडचं. मी कुस्तीच्या मातीच्या हौद्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बाईनं मातीत पाय टाकायचा नाही ही तिथली रीत, आणि पहिल्याच दिवशी त्यावर वाद घालायला मी गेले नव्हते. हळद, ताक, लिंबू आणि तेल मुरलेल्या तांबड्या मातीचा वास कपड्यांना दोन दिवस राहतो.

वस्तादांचं निदान ठरलेलं होतं: पोरगं गर्दीला घाबरतंय. मला ते पटेना. गावोगावच्या जत्रांच्या फडात, हजारो माणसांसमोर, हेच पोरगं निकाली कुस्त्या, म्हणजे पाठ टेकेपर्यंतच्या, मारत होतं. गर्दीनं मुरलेलं काम बिघडत नाही, उलट खुलतं. रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञानं १९६९ साली चक्क झुरळांवर हे दाखवलं. बघायला दुसरी झुरळं बसवली की सरळ वाटेवरचं झुरळ जास्त जोरात पळालं आणि वळणाच्या वाटेवरचं रेंगाळलं. वस्तादांना हे सांगितलं तर म्हणाले, "झुरळांनी तिकीट काढलं हुतं काय?" पण मग गप्प झाले. खासबागेच्या गोल मैदानात चारी बाजूंनी माणूस अंगावर आल्यासारखं वाटतं, आणि तिथं पोरं कशी फुलतात हे त्यांनी माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.

मग मी वस्तादांच्या मोबाईलवर पोरानं गादीवर, म्हणजे मॅटवर, हरलेल्या तीन लढती बघितल्या. आधी आवाजासकट, मग आवाज बंद करून. तिन्हीत पोरगं पुढं होतं. तिन्हीत शेवटचं मिनिट. आणि तिन्हीत एकच गोष्ट: मान डावीकडं वळते. तिकडं गुणांचा बोर्ड. त्यानंतर हात कोपरात आखडतात, पाय मागं सरतात. पंच आधी निष्क्रियतेची तोंडी ताकीद देतात, तरी पोरगं हललं नाही की एक गुण जातो, की पोरगं अजून आखडतं, मग समोरचा पट काढून, म्हणजे पाय धरून पाडून, दोन घेतो. मातीवरच्या निकाली कुस्तीत ना बोर्ड, ना गुण. म्हणून तिथं वाघ.

पोरगं हरायला भीत नव्हतं. जिंकत आलेलं सांभाळताना त्याची गडबड व्हायची. हातात मुरलेल्या डावावर मन देखरेख करायला बसलं की डाव अडखळतो. आईला भाकरी थापताना मोबाईलवर शूट करून बघा आणि विचारा, "आत्ता कुठलं बोट दाबलंस?" भाकरी फाटलीच म्हणून समजा.

इथवर मी बरोबर होते. पुढं माती खाल्ली. त्याला समोर बसवून, चांगलं पंधरा मिनिटं, मी सांगितलं, "शेवटच्या मिनिटात बोर्डाकडं बघायचं नाही. काही झालं तरी नाही." दोन आठवड्यांनी तालमीतच सराव लढत लावली. टेबलावर घड्याळ आणि गुणांच्या पाट्या. आधी एकदा वळणारी मान त्या दिवशी चार वेळा वळली.

लाज वाटली. डॅनियल वेग्नरचा १९८७ चा प्रयोग मी स्वतः शिकवते. पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आला तर घंटी वाजवा, असं सांगितल्यावर माणसं घंट्या वाजवतच राहिली. तेच अस्वल मी या पोराच्या डोक्यात सोडलं होतं.

वस्ताद रागावले नाहीत. तंबाखू मळत म्हणाले, "मॅडम, म्हशीला तिकडं जाऊ नगं म्हणून कळतंय व्हय? कासरा दुसरीकडं वढाय लागतोय."

मग कासरा शोधला, आणि तो त्यांनीच शोधला. समोरच्याचं उजवं मनगट. शेवटचं मिनिट लागलं की ते धरायचं, सुटलं की परत धरायचं. वस्ताद बाहेरून एकच शब्द ओरडणार. मी फक्त सरावाची मांडणी केली: रोज सहा वेळा, चार गुणांची आघाडी देऊन, घड्याळात एक मिनिट लावून, समोर ताज्या दमाचा गडी. बाकीची पोरं खोटे गुण ओरडायची. त्यांना हे काम एवढं आवडलं की आवरायला लागायचं. 'आत्मविश्वास ठेव' हे वाक्य महिनाभर तालमीत कुणी उच्चारलं नाही. माझ्या मते ते वाक्य खेळाडूला सांगणं म्हणजे ताप आलेल्याला 'गार हो' म्हणणं.

निवड चाचणी रविवारी होती. सकाळी वजनं झाली, दुपारपर्यंत दोन लढती सरळ काढल्या. अंतिम लढतीत दुसऱ्या फेरीचं शेवटचं मिनिट लागलं तेव्हा पोरगं ५-२ नं पुढं होतं. माझं लक्ष फक्त त्याच्या मानेवर.

"मनगट!"

धरलं. समोरच्यानं हिसडा मारून सोडवलं, परत धरलं. पट काढायला आला तर पाय मागं फेकून वरून दाबलं, आणि उठताना हात आधी मनगटावरच गेला. मान वळली नाही. पाय मागं सरले नाहीत, उलट हेच समोरच्याला गादीच्या कडेला रेटत होतं. पंचांची तोंडी ताकीद यावेळी दुसऱ्याला मिळाली. वस्ताद उठून उभे होते, गळा बसला होता.

दहा-बारा सेकंद उरले असताना समोरच्यानं जिवावर उदार होऊन ढाक टाकली, उचलून फेकायचा डाव. बसली. चार गुण. ५-६.

पंचांनी दुसऱ्याचा हात वर केला. पोराचे वडील गावाकडनं आले होते. ते सरळ माझ्याकडं आले आणि, आवाज न चढवता, म्हणाले, "मग तुमचा उपयोग काय झाला?" मला उत्तर सुचलं नाही. व्हिडिओ दाखवावा, मानेचं सांगावं, असं मनात आलं, पण ज्याचं पोरगं एका गुणानं राहिलंय त्याला मान कसली दाखवायची? वस्ताद मध्ये पडले. "ढाक चांगली टाकली त्यानं. आपल्याला तोड शिकवाय पाहिजे," एवढंच म्हणाले आणि वडिलांना चहाला घेऊन गेले.

पोरगं टॉवेल खांद्यावर टाकून आलं. धाप अजून बसली नव्हती.

"मॅडम, किती झालं वो?"

"सहा-पाच."

"आयला, एकच?" म्हणालं, आणि पाण्याची बाटली शोधायला गेलं.