खिडकीची बटणं मधोमध असलेली गाडी

यंदा, २०२५ ला, नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला आली, सोमवारी. मी रजा टाकली होती. पहाटे उठून आईनं पाठवलेलं उटणं लावून अंघोळ केली, दारात पणती लावली आणि मग खिडकीशी नुसती बसून राहिले, पुढे काय करायचं तेच कळेना. इथे अॅडलेडला परवान्याशिवाय कोणाला फटाके उडवता येत नाहीत, त्यामुळे दिवाळीची पहाट बाकीच्या दिवसांसारखीच गप्प. आपल्या नाशिकच्या सिडकोत पहिला सुतळी बॉम्ब चारलाच वाजायचा आणि आधी कोण उठलं यावरून गल्लीत दिवसभर वाद. सहा वर्षं झाली मला इथे, दरवर्षी वाटतं यंदा काही वाटणार नाही, आणि दरवर्षी वाटतंच.

सातला शेजारच्या काकांनी गॅरेजचं शटर वर केलं आणि सेल मारला.

ज्यांनी मोठ्या व्ही-एटचा, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाचा, थंड स्टार्ट कधी ऐकला नाही त्यांना कसं सांगू. आधी स्टार्टरचा बारीक आवाज, मग एकदम घशातून आल्यासारखा मोठा हुंकार, आणि मग इंजिन खाली येऊन जड, किंचित अडखळत्या लयीत गुरगुरत राहतं. माझ्या टेबलावरचा चकलीचा डबा थरथरला. मी तोच डबा उचलला आणि चपला घालून बाहेर गेले.

काका म्हणजे इथलेच, सत्तरीच्या पुढचे. इथे आजोबांच्या वयाच्या माणसालाही पहिल्या नावानं हाक मारतात, मला ते जमलंच नाही, म्हणून पहिल्याच महिन्यात त्यांना काकाचा अर्थ सांगून परवानगी घेतली. ते होल्डनच्या, म्हणजे अमेरिकेच्या जनरल मोटर्सच्या (जीएम) इथल्या गाडी कंपनीच्या, एलिझाबेथ प्लांटमध्ये ट्रिम लाइनवर होते, गाडीच्या आतले भाग बसवायच्या कामाला, प्लांटच्या शेवटच्या दिवसापर्यंत. तो शेवटचा दिवस म्हणजे २० ऑक्टोबर २०१७. दरवर्षी त्या तारखेला ते आपली २००८ ची होल्डन कमोडोर एसएस बाहेर काढतात, हे मला यंदा कळलं. सहा वर्षं भिंतीला भिंत लागून राहतेय आणि कधी विचारलं नाही.

आता हीच गाडी माझ्यासाठी काय आहे ते सांगायला २००८ च्या नाशिकला जावं लागेल.

दादा तेव्हा सातपूर एमआयडीसीत कामाला होता. सुट्टी झाली की तो आणि त्याचे चार मित्र अंबड लिंक रोडवरच्या एका गॅरेजवर जमायचे, मी क्लास सुटला की दादाबरोबर घरी जायला तिथे थांबायचे आणि ऐकत बसायचे. ऐकता ऐकता बोलायलाही लागले. गॅरेजवाल्या मामांची स्वतःची एक कॉन्टेसा होती, त्यांच्या मते भारतात माणसानं चालवावी अशी तेवढीच एक गाडी झाली, मागची चाकं ढकलणारी, लांब बोनेटची. तर त्या गॅरेजवर त्या वर्षी एकच विषय होता, ऑस्ट्रेलियाची ही कमोडोर आपल्याकडे येणार की नाही.

आज कोणी म्हणेल पोरांच्या गप्पा. नव्हत्या. त्यांचा हिशोब मी अजूनही खोडू शकत नाही. जीएमनं ही गाडी अमेरिकेत आपल्या पॉन्टिअॅक या ब्रँडखाली जी-८ म्हणून नेली होती, अमेरिकेतले शौकीन ती येणार येणार म्हणून आधीपासून वाट बघत होते आणि ती खरंच आली, सहा लिटरचं व्ही-एट, ३६१ हॉर्सपॉवर. दक्षिण आफ्रिकेत तीच गाडी शेव्हरोले ल्युमिना म्हणून विकत होते, आणि दक्षिण आफ्रिकेत स्टिअरिंग आपल्यासारखंच उजवीकडे. म्हणजे उजव्या स्टिअरिंगची, शेव्हरोलेचा बिल्ला लावलेली गाडी जगात तयार होती, आपल्याकडे जीएमचीच शेव्हरोले होतीच, आणि त्याच वर्षी जीएमचा पुण्याजवळ तळेगावचा प्लांट सुरू झाला. दादा म्हणायचा, अरे सुटे भाग आणून तळेगावला जोडायचे, ड्युटी वाचते, येणारच. एक मित्र म्हणायचा पूर्ण इम्पोर्ट केली तर किमतीएवढी ड्युटी, अॅव्हरेज ऐकून गिऱ्हाईक पळेल, पेट्रोल पन्नासच्या पुढे गेलंय. मामा मध्येच म्हणायचे की कॉन्टेसा ही मूळची व्हॉक्सहॉल, कमोडोरचं पहिलं मॉडेल १९७८ मध्ये ओपेलवरून केलेलं, व्हॉक्सहॉल न् ओपेल दोन्ही जीएमच्या, म्हणजे ही माझ्या गाडीची चुलत बहीणच, तिला यायला काय हरकत आहे. मामांचं ते वाक्य मला इतकं पटायचं की मी शाळेच्या वहीमागे तो सगळा वंश काढून ठेवला होता.

नाही आली. एप्रिल २००९ मध्ये जीएमनं पॉन्टिअॅकच बंद करायचं जाहीर केलं, १ जूनला कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. पुढे २०१४ पासून चार वर्षं अमेरिकेत तिची पुढची आवृत्ती शेव्हरोले एसएस या नावानं गेली, आमच्या गॅरेजवर पुन्हा एकदा आशा लागली, आणि २०१७ मध्ये शेव्हरोलेनंच भारतात विक्री थांबवली. मामांनी तोवर गॅरेज मुलाच्या हातात दिलं होतं. विषय संपला.

हे सगळं एवढं सविस्तर लिहितेय त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात इथे ऑफिसात जेवताना गाड्यांवरून बोलणं निघालं, मी उत्साहानं सांगितलं की आम्ही नाशिकला कमोडोरची वाट बघायचो. तर एक जण हसला आणि म्हणाला, तुमच्याकडे असली गाडी चालवणार कुठे, रस्ते कुठेत? बाकीचेही हसले. मी तेव्हा गप्प बसले, आणि गप्प बसले याचा राग मला अजून आहे, म्हणून जे तिथे बोलायला हवं होतं ते इथे बोलते.

आपल्या इगतपुरीवरून जाणारा समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, ५ जून २०२५ पासून पूर्ण सुरू झालाय, आणि सपाटीला कारसाठी तिथे १२० ची मर्यादा आहे. या पूर्ण साउथ ऑस्ट्रेलियात सगळ्यात मोठ्या हायवेलासुद्धा ११० च्या वर परवानगी नाही. कसारा घाटात पावसाळ्यात ट्रकच्या मागे धुक्यात गाडी काढणारा माणूस काय चालवतो हे ऑफिसातल्या त्या माणसाला कळायचं नाही. त्याला क्लच दाबता येत नाही, ऑटोमॅटिकशिवाय आयुष्यात काही चालवलेलं नाही. आणि नाशिकच्या रस्त्यांवर गाड्यांच्या शर्यतीच्या रॅल्या झाल्यात, लोक पहाटे डबे घेऊन वळणांवर जाऊन बसायचे. हे सगळं मान्य करून पुढे हेही मान्य करते की समृद्धीवर लेन कोणी पाळत नाही, अपघात होतात, आणि इथे शाळेपाशी मुलं दिसली की २५ वर येणं म्हणजे येणं, पोलिसाची किंवा अॅम्ब्युलन्सची गाडी दिवे लावून थांबली असेल तर शेजारून जाताना २५. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला खरंच गहिवरून आलं होतं, सगळा रस्ता एका माणसासाठी हळू होतो. पण रस्ते नाहीत असं म्हणू नये कोणी.

तर सोमवारी सकाळी काकांना चकली दिली, एक त्यांनी उभ्याउभ्याच खाल्ली, दुसरी रुमालात गुंडाळली. मग स्वतःच सांगायला लागले. त्या शेवटच्या दिवशी साडेनऊशेच्या आसपास लोक होते, लाइनवरून शेवटची लाल कमोडोर उतरली तेव्हा मोठमोठी माणसं रडत होती. ते म्हणाले, आम्ही गाडी वाईट बनवली म्हणून बंद पडलो असतो तर कमी लागलं असतं. व्हीईच्या, म्हणजे कमोडोरच्या या पिढीच्या, विकासावर शंभर कोटी डॉलरच्या वर खर्च झाला होता, त्याच पायावर अमेरिकेची नवी स्पोर्ट्स कार कॅमॅरो उभी राहिली, पण पुढे ऑस्ट्रेलियन डॉलर अमेरिकन डॉलरच्या बरोबरीला गेला आणि बाहेर गाडी पाठवणं परवडेना. मी त्यांना तळेगाव सांगितलं. आमच्याकडे, नाशिकहून चार-पाच तासांवर, तुमच्याच कंपनीचा प्लांट होता, तिथून मेक्सिकोला गाड्या जायच्या, डिसेंबर २०२० मध्ये तोही बंद झाला. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, तिथल्या लोकांचं काय झालं? मला नीट उत्तर देता येईना. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग किल्ली पुढे केली. म्हणाले, तू चालव.

मी नाही नाही म्हणाले, विम्याचं काय, काही झालं तर. ते म्हणाले चाकं जागेवर फिरवून घासलीस, धूर काढलास, तर पोलिस गाडी उचलून नेतील, तेवढं करू नकोस, बाकी काही होत नाही.

बसले. सीट पुढे घेतली, क्लच दाबला, चांगला जड आहे, आपल्या जुन्या जीपसारखा. पहिला टाकला. सहा गिअरचा दांडा, प्रत्येक गिअर आत जाताना हाताला खट्ट कळतो. गल्लीतून बाहेर आलो आणि काकांच्या पाइपच्या तंबाखूचा वास जुन्या सीटच्या कापडात इतका मुरलाय की मला काच खाली करायची होती. माझा हात आपोआप दोन सीटच्या मध्ये गेला, बटण दाबलं, काच खाली.

काका वळून बघायला लागले. म्हणाले, तुला कसं कळलं? पहिल्यांदा बसणारा प्रत्येक जण दारावर बटण शोधतो.

मला काय कळलं नव्हतं, हात गेला एवढंच. मी गाडी शिकले ती दादाच्या मित्राच्या जुन्या स्कॉर्पिओवर, पाथर्डी फाट्याच्या मोकळ्या प्लॉटवर, आणि त्या स्कॉर्पिओची खिडक्यांची बटणं अशीच मधोमध होती. नाशिकला बनलेली गाडी. काकांना हे सांगितल्यावर त्यांनी मला कारण सांगितलं, जे एवढ्या वर्षांच्या चर्चेत आमच्या गॅरेजवर कोणाला सुचलं नव्हतं. बटणं मध्ये ठेवली की स्टिअरिंग डावीकडे असो की उजवीकडे, तेच कन्सोल, दोन सीटमधला खोका, चालतं. हँडब्रेकसुद्धा तसाच बनवलाय, कन्सोलच्या कडेत बसवलेला, बाजू बदलता येते. म्हणजे कागदावर रेघ ओढली तेव्हाच ठरलं होतं की ही बाहेर जाणार. ती कन्सोल बसवणाऱ्यांत काका होते. अमेरिकेला जाणारी, आफ्रिकेला जाणारी, त्यांच्या हाताखालून सगळी गेली.

मी डोंगराकडच्या रस्त्याला घेतली. ११० ची पाटी आली तेव्हा तिसऱ्या गिअरमध्ये पाय दिला आणि पाठ सीटला लागली, मागून कोणीतरी हळू पण ठामपणे ढकलल्यासारखी. पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात, ओढायचं नाही, त्यामुळे स्टिअरिंग हातात हलकं आणि खरं लागतं. मामा हेच सांगायचे आणि आम्ही मान डोलवायचो. वळणातून बाहेर येताना थोडा जास्त पाय दिला तर मागचा भाग किंचित बसतो आणि गाडी वळण पूर्ण करून देते. मी ते दोनदाच केलं. डोळ्यात पाणी आलं होतं, काका बाहेर बघत राहिले, त्यांना कळलं असावं.

येताना पेट्रोल पंपावर एक महिंद्रा पिक-अप उभी होती, मागे कुत्रा आणि तारेची बंडलं, स्कॉर्पिओचंच तोंड. काका म्हणाले, तुमची. इथल्या त्या शेतकऱ्यासाठी ती इम्पोर्टेड गाडी आहे. मी ऑफिसातल्या त्या माणसाला उद्या हे सांगणार आहे, शांतपणे.

कोणी मला म्हणेल गाडी शेजारी आहे म्हणून तुला परदेश बरा वाटतोय. आई तर म्हणतेच, दिवाळीला घरी नाही आलीस आणि फोनवर गाडीचं सांगतेस. तिकिटं महाग होती, ऑफिसची तेवढी रजा शिल्लक नव्हती, ही कारणं खरी आहेत. तरी पुढच्या वर्षी येणार आहे.

साडेदहाला घरी आले तेव्हा नाशिकला साडेपाच वाजले होते, दादा अंघोळ करून उटण्याच्या वासासकट कॅमेऱ्यासमोर. काकांनी मुद्दाम पुन्हा सेल मारला, मी फोन सायलेन्सरपाशी धरला. दादानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले. अर्ध्या तासात जुन्या गॅरेजच्या ग्रुपवर क्लिप गेली आणि सगळे जागे झाले, एक पुण्यात, एक दुबईत, मामांचा मुलगा तिथेच. आणि पुन्हा तेच सुरू. ही आणता येईल का? एकानं नियम टाकला, वापरलेली गाडी तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. दुसऱ्यानं टाकला, पन्नास वर्षं उलटलेली व्हिंटेज म्हणून आता आणता येते. २००८ अधिक पन्नास, दादानं लिहिलं, २०५८. मामांच्या मुलानं विचारलं तोवर पार्ट्स मिळतील का, मग त्यावर पंधरा मेसेज.

शेवटी दादानं मला वेगळा मेसेज केला. आपल्या गल्लीच्या तोंडाशी जो स्पीड ब्रेकर आहे ना, अजून तेवढाच उंच आहे, चार माणसं बसल्यावर तिचं पोट लागेल का बघायचंय, खालून क्लिअरन्स मोजून सांग, काकांची हरकत नसेल तर. काका म्हणाले रविवारी मोजू, टेप त्यांच्याकडे आहे.