सरकार गेलं, नोटा राहिल्या

देश कोसळतात कसे हे वाचायला लागलं की सोमालिया चुकत नाही. हुकूमशहा सियाद बरे 1969 ला लष्कराच्या जोरावर सत्तेवर आला, शेजारच्या इथिओपियाशी ओगादेन प्रांतासाठीचं युद्ध हरला आणि मग खुर्ची टिकवायला कुळाकुळांत भांडणं लावत बसला, 1988 ला तर स्वतःच्याच हर्गेसा शहरावर विमानातून बॉम्ब टाकले! म्हणजे 1991 ला तो पळाला तेव्हा सरकार पडलं असं आपण म्हणतो, पण माझ्या मते ते आधीच आतून पोखरलेलं होतं. गंमत पुढे आहे, सेंट्रल बँक बंद पडली तरी जुन्या शिलिंगच्या मळकट नोटा बाजारात चालतच राहिल्या, वर टोळीवाल्यांनी बाहेरून नव्या छापून आणल्या, आणि लोकांनी त्याही घेतल्या. परदेशातला पैसा हवालाने घरी यायचा. उत्तरेतल्या सोमालीलँडने मात्र कुळांच्या वडीलधाऱ्यांना बसवून वेगळी घडी बसवली, त्यावर सविस्तर लिहीन.